सुई, शेपटी आणि रबराचा उंदीर

रक्त तपासून घेण्यासाठी गेल्यावर, "काकू, शीर सापडत नाही हो, जरा दुसरा हात द्या," हे वाक्य ज्याच्या कानी पडलेले नाही असा मनुष्य विरळाच. दोनदा टोचून झाल्यावर आपण त्या तरुण तंत्रज्ञाकडे पाहतो आणि मनात म्हणतो, हा गृहस्थ कोणाच्या हातावर शिकून आला असेल? प्रश्न रागाने विचारलेला असला तरी रास्त आहे. आज सफाईने फिरणारा प्रत्येक हात कधी काळी थरथरत होता, आणि त्या काळातील चुका कोणाच्या तरी अंगावर उमटलेल्या असतात. माणूस निदान "अगं आई" म्हणून ओरडतो, कुरकुरतो, पुढच्या खेपेस दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो. ज्याच्याविषयी या महिन्यात लिहावयाचे आहे त्या जीवाला यांपैकी काहीच करता येत नाही. तो म्हणजे औषधांच्या प्रयोगशाळेतील पिंजऱ्यातला पांढरा उंदीर.

विषय घरगुती मासिकाला साजेसा नाही असे कोणाला वाटेल. परंतु हैदराबादेतील मराठी घरांपुरते बोलावयाचे तर तो फार दूरचाही नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलेमुली फार्मसी, जीवतंत्रज्ञान वा पशुवैद्यक शिकत आहेत आणि शिकून झाल्यावर शहराबाहेरच्या जीनोम व्हॅलीतील कंपन्यांकडे वळत आहेत. तार्नाक्यावरून जाताना राष्ट्रीय पोषण संस्थेची पाटी आपण सर्वांनीच पाहिली आहे. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी आरंभिलेल्या छोट्याशा संशोधनकेंद्रातून ही संस्था वाढली आणि १९५८ साली हैदराबादेस आली. या मॅकॅरिसनसाहेबांनी कुन्नूरच्या पिंजऱ्यांतील उंदरांना भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घालून त्यांची वाढ मोजली होती. त्या परीक्षेत शीख आणि पठाण यांच्या ताटांमागोमाग मराठ्यांच्या ताटाचा क्रम लागला, ही गोष्ट आपल्या भाकरी-आमटीच्या अभिमान्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी! असो. सांगावयाचे ते इतकेच, की याच संस्थेच्या आवारात प्रयोगशाळेतील प्राण्यांची पैदास आणि त्यांची निगा राखणाऱ्यांचे प्रशिक्षण ही कामे दीर्घकाळ चालत आली आहेत.

आता थोडे भाषेविषयी. इंग्रजीने 'माऊस' आणि 'रॅट' असे दोन वेगळे प्राणी मानले. आपण दोघांनाही उंदीर म्हणून एकाच पंक्तीला बसविले. प्रस्तुत लेखापुरते लहान तो माऊस, वजनाने वीस-तीस ग्रॅमचा, आणि मोठा तो रॅट, बहुधा अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, असे समजावे.

नव्या औषधाची परीक्षा व्हावयाची तर ते औषध प्राण्याच्या शरीरात नेमक्या जागी आणि नेमक्या प्रमाणात पोहोचले पाहिजे. ऐकायला सोपे वाटते. पंचवीस ग्रॅमच्या माऊसच्या शरीरात एकूण रक्त असते ते सुमारे दोन मिलिलिटर. चहाचा अर्धा चमचाही त्याने भरणार नाही. शिरेतून एका वेळी त्याला द्यावयाचे द्रव सव्वा दशांश मिलिलिटरच्या पलीकडे जाऊ नये असा दंडक आहे. ही शीर असते शेपटीत. उंदराच्या शेपटीच्या दोन्ही अंगांना कातडीच्या अगदी लगत दोन नीला धावतात. सुई अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, आणि शीर तिच्याहून फारशी रुंद नव्हे. शेपटी प्रथम कोमट करावी लागते, म्हणजे शीर फुगून वर येते. प्राण्याला नळीसारख्या डब्यात ठेवून शेपटी तेवढी बाहेर घेतात. सुईचे तिरपे छाटलेले तोंड वर ठेवून, शेपटीला जवळजवळ समांतर अशी ती आत सरकवावयाची. आरंभ नेहमी टोकाकडून करावयाचा, कारण पहिला प्रयत्न फसला तर धडाच्या बाजूला सरकून दुसरा करता येतो. वरून आरंभ केला आणि शीर फुटली, तर खालचा मार्ग बंद झाला.

सुई शिरेत असेल तर दट्ट्या अलगद पुढे जातो. नसेल तर बोटाला विरोध जाणवतो आणि कातडीखाली फुगवटी येते. हा 'विरोध' पुस्तकात वाचून कळत नाही. पोळीची कणीक सैल झाली की घट्ट झाली हे जसे सासूबाईंनी कितीही वर्णन केले तरी स्वतःचा हात परातीत घातल्यावाचून उमगत नाही, तशातलाच हा प्रकार. काही औषधे अशी दाहक असतात, की ती शिरेऐवजी बाजूच्या मांसात उतरली तर तेथील मांस झडते. काळ्या जातीच्या उंदरांत तर शीर डोळ्यांना धड दिसतही नाही. तेथे सगळी भिस्त बोटांवर.

तोंडावाटे औषध देणे त्याहून सोपे असेल असे वाटावे, पण तेथे धोका निराळाच. गोल टोकाची एक लांब नळी घशातून अन्ननलिकेत उतरवितात. घशाशी दोन वाटा फुटतात. एक जठराकडे, दुसरी फुप्फुसांकडे. हात चुकला तर औषध फुप्फुसांत जाते आणि प्राणी दगावतो. उंदराला उलटी करता येत नाही, हीदेखील निसर्गाची एक गंमतच. आत गेलेले त्याला बाहेर टाकता येत नाही.

तिसरा मार्ग पोटात टोचण्याचा. हा सर्वांत सुलभ म्हणून सर्वांत रूढ, आणि माझ्या मते सर्वांत फसवा. प्राण्याचे डोके किंचित खाली झुकवून पोटाच्या खालच्या उजव्या भागात सुई घालतात, कारण उंदराचे अंधान्त्र बहुधा डाव्या अंगाला असते. आपल्या शरीरात नेमके उलट. आपले ते उजवीकडे. सुई पोटाच्या पोकळीत गेली तर ठीक. पण ती आतड्यात गेली, मूत्राशयात गेली, किंवा कातडीखालीच राहिली, तर बाहेरून पाहणाऱ्याला काहीच समजत नाही. उंदीर तसाच पिंजऱ्यात परत जातो, तसाच दाणे कुरतडतो. वहीत 'औषध दिले' अशी नोंद होते. संशोधकांनी या पद्धतीची तपासणी केली तेव्हा शंभरांतील दहा ते वीस टोचण्या चुकीच्या जागी गेल्याचे आढळले होते.

येथे क्षणभर थांबून हिशेब करू या. दहा उंदरांच्या गटाला औषध दिले आणि त्यांतील दोघांच्या बाबतीत ते आतड्यात गेले. आठांना गुण आला, दोघांना आला नाही. ते औषध खरोखरच दोघांना लागू पडले नाही, की सुईच भलतीकडे गेली, हे आता कोण सांगणार? संशोधक आकडे मांडतो, आकडे विस्कटलेले निघतात, निष्कर्ष ठामपणे काढता येत नाही. मग तो आणखी दहा उंदीर मागवितो. म्हणजे एका कच्च्या हाताची किंमत त्या दोन उंदरांपुरती राहत नाही. पहिले दहा वाया गेले, वर नवे दहा आले, आणि जे औषध उद्या आपल्या घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी यावयाचे, त्याच्या पारखेत खोट राहिली. प्राण्यांविषयी कळवळा असलेला मनुष्य आणि विज्ञानाविषयी आस्था असलेला मनुष्य पुष्कळदा एकमेकांना पाठ करून उभे असतात. निदान या एका मुद्द्यावर तरी दोघांनी एकाच बाजूला उभे राहावयास हरकत नसावी.

मग हात पक्का व्हावयाचा कुठे? या प्रश्नाची जाण कायदे करणाऱ्यांना फार पूर्वीच झाली होती. इंग्लंडमध्ये १८७६ साली प्राण्यांवरील प्रयोगांविषयीचा जो कायदा झाला, त्यातच एक अट घातलेली होती की केवळ हाताचे कसब मिळविण्यासाठी जिवंत प्राण्यावर प्रयोग करता कामा नये. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९८६ साली, त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि सूक्ष्म शस्त्रक्रियेच्या शिक्षणापुरती, परवाना घेऊन, ती अट शिथिल करण्यात आली. युरोपीय संघाच्या २०१० सालच्या निर्देशाने प्रशिक्षणासाठी प्राणी वापरण्यास मुभा ठेवली, पण त्याचबरोबर शिकणाऱ्याची पात्रता सिद्ध होईपर्यंत त्याने जाणकाराच्या नजरेखालीच काम करावे असेही बजाविले.

आपल्याकडचा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची चालना मिळाली, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच्या सतराव्या कलमात काय लिहिले आहे ते मात्र थोड्यांनी वाचलेले असते. महाविद्यालये व रुग्णालये यांसारख्या ठिकाणी पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच कलमात पुढे, केवळ हस्तकौशल्य कमावण्यासाठी म्हणून, शक्य तोवर, प्रयोग करू नयेत, असे आहे. 'प्रतिकृती' हा शब्द १९६० च्या कायद्यात आहे, याचे मला आजही नवल वाटते. 'शक्य तोवर' या दोन शब्दांत मात्र उंदरांचा एक अख्खा पिंजरा मावतो, हेही खरे.

तेव्हा कायदा म्हणतो, जिवंत प्राण्यावर गिरवू नका; विज्ञान म्हणते, न गिरवलेला हात आमच्या कामाचा नाही. या कात्रीतून सुटण्याची वाट म्हणजे बनावट प्राणी. कल्पना नवी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, ज्याला योग्यासूत्रीय म्हणतात, तो सगळा याच विषयाला वाहिलेला आहे. 'योग्या' म्हणजे सराव. शिष्याने शास्त्र कितीही पाठ केले तरी सराव केल्यावाचून तो कर्मास पात्र होत नाही, हा त्याचा आशय. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. खरवडण्याचा सराव ताणलेल्या केसाळ कातड्यावर. शिवण्याचा जाड-बारीक वस्त्राच्या कडांवर. पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. आणि शीर वेधण्याचा सराव? तो मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. कमळाचा देठ आतून पोकळ नळ्यांचा, वरून मऊ. सुई आत गेली की बोटाला कळावे असा. ज्याने प्रथम हा देठ निवडला तो केवळ विद्वान नव्हता, त्याची बोटेही शहाणी होती. आमच्याकडे सर्व काही आधीच होते, असे म्हणण्याची हौस मला नाही. पण शिकाऊ हाताच्या चुका कोणी तरी सोसाव्याच लागतात, आणि त्या निर्जीवाने सोसाव्यात, हा विचार जुना आहे एवढे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

आधुनिक काळात माणसांच्या वैद्यकात हा विचार एका खेळणीवाल्याने रुजविला. नॉर्वेतील स्टाव्हँगर गावचा आसमुंड लेर्डाल हा मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवीत असे. १९६० साली त्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक मोठी बाहुली तयार केली. बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास कसा द्यावा, हे त्या 'अ‍ॅन' नावाच्या बाहुलीवर शिकविले जाऊ लागले, आणि आज जगभर शिकविले जाते.

उंदरांच्या वाट्याला अशी बाहुली यावयास पुढची कित्येक वर्षे जावी लागली. तत्त्वाची मांडणी मात्र १९५९ सालीच झाली होती. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगांतील माणुसकीविषयी एक ग्रंथ लिहिला आणि तीन वाटा दाखविल्या: प्राण्याच्या जागी दुसरे काही वापरता येते का पाहा, नाही तर कमीत कमी प्राण्यांत काम भागवा, आणि तेही नाही तर निदान वेदना कमी करा. पुस्तक कित्येक वर्षे फारसे कोणी वाचले नाही. आज या क्षेत्रातील प्रत्येक नियमावली त्याच्याच पायावर उभी आहे.

जपानातील कोकेन या कंपनीचा बनावट रॅट आणि नात्सुमे या कंपनीचा 'मिमिकी माऊस' ही आज प्रयोगशाळांत ठाऊक असलेली नावे. हॉलंडमध्ये सूक्ष्म शस्त्रक्रियेच्या सरावासाठी पीव्हीसीचा उंदीर तयार झाला. अशा प्रतिकृतींची नोंद ठेवणारी 'नोरिना' नावाची सूची नॉर्वेत १९९१ पासून चालू आहे. या बनावट उंदराचे अंग सिलिकोन रबराचे वा तत्सम मऊ द्रव्याचे असते. मानेची कातडी चिमटीत धरून त्याला उचलण्याचा सराव करता येतो. तोंडातून नळी घातली तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्या दोन वाटा आत खरोखर असतात. चुकीच्या वाटेने गेलात तर ते समजते. शेपटीत बारीक नळ्या असतात, त्यांत लाल पाणी भरता येते. सुई बरोबर गेली की सिरिंजमध्ये लाल थेंब उमटतो. विद्यार्थ्याच्या तोंडावर त्या वेळी जे हसू येते ते पाहण्यासारखे असते.

या साधनाचा खरा लाभ कोणता? माझ्या मते तो पहिल्या वीस-तीस टोचण्यांत आहे. नवशिक्याचे लक्ष एकाच वेळी चार ठिकाणी ओढले जाते: सिरिंज कशी धरावी, अंगठा कुठे, डावा हात काय करतो आहे, प्राणी चावेल का. यांतील पहिल्या तीन गोष्टी रबरावर शिकता येतात, आणि त्या शिकल्यावर चौथीकडे द्यावयास मन मोकळे राहते. शिक्षकाला मधेच थांबवून, "हा कोन पाहा, मनगट उचलले गेले," असे सांगता येते; जिवंत प्राणी हातात असताना असे थांबता येत नाही. चुकले तर पुन्हा, पुन्हा चुकले तर पुन्हा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. मुंगी चुकवून पाऊल टाकावयास शिकविणाऱ्या घरांतून आलेल्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी एक धडपडणारा जीव आणि एक सुई हातांत दिली, तर त्यांतील हळवी मुले हा अभ्यासच सोडतात, आणि जी राहतात त्यांतील काही मन घट्ट करण्याच्या भरात बोथट करून घेतात. खरे म्हणजे हळव्या हातांचीच त्या कामाला गरज असते.

आता दुसरी बाजू. रबराचा उंदीर भीत नाही. तो उबदार नसतो, श्वास घेत नाही, पाय झाडीत नाही, हातावर लघवी करीत नाही. खरा उंदीर घाबरला की त्याच्या शेपटीतील रक्तवाहिन्या आकसतात. ज्या शिरेसाठी सारा खटाटोप, तीच दिसेनाशी होते. म्हणजे प्राण्याचे भय ही केवळ करुणेची बाब नाही, ती तंत्राचीही बाब आहे, आणि नेमकी तीच या प्रतिकृतीला शिकविता येत नाही. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या उंदरांच्या प्रतिकृती एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खऱ्या प्राण्याशी साम्य अजून पुष्कळ वाढावयास हवे, असा त्यांचा एकंदर सूर होता. त्याच विद्यापीठात त्रिमितीय मुद्रणाच्या साह्याने अधिक हुबेहूब रॅट घडविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला.

भयाविषयी आणखी एक शोध येथे सांगण्याजोगा आहे. उंदराला शेपटीने उचलावे ही प्रयोगशाळांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी दाखवून दिले की शेपटीने उचललेले माऊस माणसाच्या हाताला बिचकतात आणि अधिक चिंताग्रस्त वागतात. तेच एका नळीतून किंवा ओंजळीत उचलले तर आपण होऊन जवळ येतात. इतक्या साध्या गोष्टीकडे एवढ्या विद्वानांचे लक्ष इतकी वर्षे जाऊ नये याला काय म्हणावे? ओंजळ तर प्रत्येकाजवळच होती.

म्हणून रबराच्या उंदरावर दोन तास घालविले आणि प्रमाणपत्र घेतले, हा प्रकार मला धोक्याचा वाटतो. खोटा आत्मविश्वास हा अज्ञानाहून वाईट. जाणत्या संस्थांतून क्रम असा असतो: आधी प्रतिकृती, मग अन्य कारणाने आधीच मृत झालेला प्राणी, मग भूल दिलेला, जो दुसऱ्या प्रयोगाच्या अखेरीस शुद्धीवर यावयाचाच नसतो असा, आणि सर्वांत शेवटी जागा प्राणी, तोही जाणकार शेजारी उभा असताना. पायऱ्या चार, आणि प्रतिकृती ही त्यांतली पहिली. तिला शेवटची समजणारे चुकतात, आणि तिच्यावाचून थेट चौथीवर उडी मारणारेही.

आपल्या देशात या जिन्याचे चित्र विचित्र झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण आखले आणि २०१४ साली ते थांबविण्याचा आदेश दिला. औषधशास्त्राच्या वर्गांतूनही जिवंत प्राण्यांची जागा पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या पडद्याने घेतली. हे योग्यच झाले. दरवर्षी तेच ते ठाऊक असलेले उत्तर काढून दाखविण्यासाठी बेडूक आणि ससे खर्ची घालण्यात काही अर्थ नव्हता. पण पडद्यावरचा उंदीर डोळ्यांना शिकवितो, बोटांना नाही. कळ दाबली की पडद्यावर औषध 'दिले' जाते, आलेख वर चढतो, विद्यार्थी गुण मिळवितो. तोच विद्यार्थी पुढे एखाद्या संशोधनसंस्थेत किंवा कंपनीत रुजू होतो आणि तेथे जिवंत प्राण्यांवरील काम त्याच्या पुढ्यात येते. आयुष्यातील पहिली खरी टोचणी तो तेव्हा देतो, आणि ज्या प्राण्याला देतो तो सरावाचा नसतो. तो खऱ्या प्रयोगाचा असतो, त्याचे आकडे अहवालात जावयाचे असतात. म्हणजे वर्गातला प्राणी वाचला, पण अशिक्षित हाताचा भार पुढच्या प्राण्यावर गेला. कायद्याच्या भावनेला हे धरून नाही, असे मला स्पष्ट वाटते. पडदा आणि पिंजरा यांच्या मधली जी रिकामी पायरी, ती या रबराच्या उंदराची आहे.

मग तो घेत का नाहीत? एक कारण पैशाचे. अशा एका प्रतिकृतीला जिवंत उंदराच्या कित्येक पट मोल पडते, आणि खरेदीचा कागद पुढे करणाऱ्याला वरचा अधिकारी विचारतो, "एवढ्या रकमेत पिंजराभर उंदीर येतील, हे खेळणे कशाला?" हिशेब वरवर बिनतोड आहे. पण खेळणे उद्याही कपाटात असते, परवाही असते, आणि शंभर विद्यार्थ्यांच्या चुका पोटात घालून पुन्हा उभे राहते. दुसरे कारण वृत्तीचे. एका महाविद्यालयात मी अशी प्रतिकृती पाहिली आहे. काचेच्या कपाटात, मूळ डब्यासह, तपासणीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना दिसेल अशा उंचीवर ती विराजमान होती. चावी कोणाकडे असते, हे सांगावयास मात्र कोणी पुढे आले नाही.

ज्यांच्या मनाजोगते साधन मिळत नाही अशा शिक्षकांनी स्वस्तात केलेल्या युक्त्याही काही कमी नाहीत. संत्र्याच्या सालीवर सुईचा कोन गिरविणे ही तर परिचारिकांच्या शाळांतील जुनी रीत. बारीक सिलिकोन नळी मऊ जिलेटिनच्या थरात बसवून, तिच्यात रंगीत पाणी सोडून शिरेचा भास निर्माण करता येतो. कोंबडीच्या सालीवर कातडीखालची टोचणी शिकविता येते. यांतले काहीच उंदरासारखे दिसत नाही. पण बोटांना दिसण्याशी काय करावयाचे?

या जून-जुलैत ज्यांची मुले फार्मसी किंवा पशुवैद्यकाच्या प्रवेशासाठी कॉलेजे पाहत फिरतील, त्यांनी वसतिगृह, खानावळ आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांची यादी यांबरोबर प्रयोगशाळाही पाहून घ्यावी. प्रतिकृती आहे का, असे विचारले तर बहुधा "आहे" असेच उत्तर मिळेल. तेव्हा ती हातात घेऊन पाहण्याची परवानगी मागावी आणि शेपटी पाहावी. रोज टोचल्या जाणाऱ्या शेपटीला छिद्रे पडतात, ती गळू लागते आणि वरचेवर बदलावी लागते. बदललेल्या जुन्या शेपट्यांचा ढीग एखाद्या खणात दिसला, तर मुलाचे नाव तेथे घालावयास हरकत नाही.